दहा बाय बाराच्या खोलीत टाकी, पंप आणि नळ : चाळीतली पाण्याची लाइन बदलताना काय बघायचं?

लालबाग-परळच्या चाळीत खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याची वेळ विचारतो. पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं आणि तिसऱ्या मजल्यावर चढतं का? भाडं, पागडी, शेजार हे सगळं त्यानंतर.

तसं बघितलं तर चित्र बरंच बदललंय. व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या सामायिक नळावर रांग लावायचे दिवस अनेक चाळींत संपले. खोलीखोलीत पाइप आला, मोरीत नळ आला. पण नळ आला म्हणून पाणी चोवीस तास आलं असं होत नाही. ते ठरलेल्या वेळीच येतं. त्यामुळे मोरीच्या कोपऱ्यात निळं पिंप, पिंपात सोडलेली रबरी नळी आणि ओट्याखाली ओळीने भरून ठेवलेले हंडे-कळश्या हा थाट अजून तसाच आहे.

मग घरात लग्न ठरतं, म्हाताऱ्या आईला कळशी उचलणं जमेनासं होतं किंवा दिवाळीचा बोनस हातात येतो, आणि ठरतं की यंदा लाइन करून घ्यायची. माळ्यावर टाकी, टाकीतून पाइप, ओट्यावर बेसिन, मोरीत गिझर आणि जमलं तर शॉवर. प्लंबर म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे. काम होतंही दोन दिवसांत. त्याचे परिणाम दिसायला मात्र दोन-तीन पावसाळे जातात. खालच्या खोलीच्या छताला ओल येते, मोरीची लादी खचते, नाहीतर घरातल्या मुलाला कावीळ होते आणि ती कुठून आली हे कुणाला कळत नाही.

म्हणूनच कुठला नळ चकचकीत दिसतो यापेक्षा पाण्याचं वजन कुठे पडतं, गळलेलं पाणी कुठे मुरतं आणि घाण पाणी लाइनीत कुठून शिरू शकतं, हे आधी बघावं लागतं.

हे पाणी खोलीपर्यंत येतं कसं?

१८६० च्या आधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गवालिया टँक, गिरगावच्या कडेचा सी. पी. टँक ही नावं त्या काळातली आहेत. पाणी गेलं, नावं राहिली. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. पुढे तुळशी आला, १८९२ मध्ये तानसा आला. आज सात तलावांचं पाणी मुंबईला येतं : ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी.

शुद्ध झालेलं पाणी शहरात थेट नळाला जात नाही. ते आधी टेकड्यांवरच्या जलाशयांत साठवलं जातं. गिरगावच्या बाजूला मलबार हिलचा जलाशय आहे. वरून हँगिंग गार्डनची हिरवळ, खाली पाणी. माझगावला भंडारवाडा आहे, परळ-शिवडीच्या बाजूला गोलंजी टेकडी आहे. जलाशय उंचावर असल्यामुळे पाणी उताराने वाहत येतं आणि त्या उंचीचाच दाब नळाला मिळतो. एका भागाला ठरलेल्या वेळात पाणी सोडलं जातं, मग तिथली झडप बंद करून दुसऱ्या भागाला सोडलं जातं. तुमच्या चाळीला पहाटे पाणी येतं आणि पलीकडच्या गल्लीत संध्याकाळी, ते या वाटपामुळे.

चाळी बांधल्या गेल्या तेव्हा त्यांच्यात शिरणारा पाइप मोजक्या नळांसाठी होता. प्रत्येक मजल्यावर एक-दोन तोट्या, बस्स. आता त्याच उभ्या पाइपाला प्रत्येक खोलीने आपापली फांदी जोडलेली असते. तळमजल्यावर सगळे नळ एकदम उघडले की तिसऱ्या मजल्यावर सुसकारा ऐकू येतो, पाणी येत नाही. यात तळमजलेवाल्यांचा दोष नाही. पाइपाची जाडी तेवढीच आणि मागणी कितीतरी पट.

पिंपातली रबरी नळी

हा भाग सगळ्यात कमी खर्चाचा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

पाण्याची वेळ संपली की झडप बंद होते. पाइपातलं उरलेलं पाणी खालच्या भागाकडे ओसरतं आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. अशा वेळी नळाला लावलेल्या रबरी नळीचं दुसरं टोक पिंपातल्या पाण्यात बुडालेलं असेल, तर पिंपातलं पाणी उलटं ओढलं जातं. स्ट्रॉने सरबत ओढतात तसंच. त्या पिंपात कुणी साबणाचा हात घातला असेल, तळाला शेवाळ असेल, तर तेही सोबत जातं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या नळाला येतं.

उपाय साधा आहे. नळाचं किंवा नळीचं तोंड कायम पाण्याच्या वर हवं. टाकी बसवतानाही हाच नियम. पाणी आत सोडणारा पाइप टाकीच्या वरच्या बाजूने यावा आणि ओव्हरफ्लोचं भोक त्याच्या खाली असावं, म्हणजे टाकी कितीही भरली तरी पाइपाचं तोंड बुडत नाही. जोडीला लाइनवर एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवला की पाणी एकाच दिशेने जातं. हा वॉल्व्ह हातात मावतो आणि सगळ्या सामानात स्वस्त असतो, तरी बहुतेक खोल्यांत तो दिसत नाही.

याच्या नेमकं उलट काम करणारी गोष्ट म्हणजे पालिकेच्या लाइनला थेट लावलेला पंप. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून एकजण पंप लावतो, त्याला बघून दुसरा लावतो. हे बेकायदा आहे आणि पालिका असे पंप जप्त करते. पण दंडापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. पंप ओढतो तेव्हा लाइनीतला दाब शून्याच्या खाली जाऊ शकतो. जुन्या वस्तीत पाण्याची लाइन आणि मलवाहिनी अनेक ठिकाणी एकमेकींच्या जवळून जातात. पाण्याच्या पाइपाला कुठे बारीक भोक असेल, तर एरवी त्यातून पाणी बाहेर गळत असतं. पंप सुरू झाला की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो या वाटेने येतात. आणि पंप लावणाऱ्याच्याच घरी येतात असं नाही, त्या लाइनवरच्या कुणाच्याही घरी येतात.

पंप लावायचाच असेल तर तो स्वतःच्या टाकीतून पाणी ओढणारा असावा. त्याबद्दल पुढे.

टाकी किती मोठी?

दुकानदार विचारतो, पाचशेची देऊ का हजारची? पाणी कमी पडू नये या धास्तीने माणूस मोठ्या टाकीकडे बघतो. इथे थांबून हिशेब करायला हवा.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरावं असं सरकारी मानक आहे. पण त्यात संडासाचा फ्लशही येतो. ज्या चाळीत संडास मजल्याच्या टोकाला सामायिक आहे, तिथे खोलीतला वापर बराच कमी असतो. चार माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला २० लिटर, अंघोळींना ८०, भांड्यांना ३० ते ४० आणि कपड्यांना ६० लिटर धरले, तरी २०० च्या आसपास होतात. पाणी रोज येत असेल तर २०० ते २५० लिटर साठा पुरतो. ५०० लिटरची टाकी म्हणजे दोन दिवसांचं शिळं पाणी आणि डोक्यावर दुप्पट ओझं.

ओझं हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन. सात-आठ मोठी माणसं माळ्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी आहेत आणि ती दिवस-रात्र, वर्षानुवर्षं तिथून हलत नाहीत असं समजा. तो माळा बांधला होता गाद्या, ट्रंका, पितळेची मोठी भांडी आणि गणपतीचं मखर ठेवायला.

राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आराखडा करतात, असं भारतीय मानक सांगतं. ५०० लिटरच्या उभ्या टाकीचा तळ जेमतेम अर्धा चौरस मीटर असतो. म्हणजे तेवढ्या जागेवर भार होतो चौरस मीटरला हजार किलोच्या घरात. शिवाय गिरगाव-लालबागच्या कितीतरी चाळी या मानकांच्या आधीच्या आहेत. त्यांच्या जमिनी सागवानी तुळया आणि वाशांवर उभ्या आहेत. सागवान दणकट खरं, पण कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकतं आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही.

म्हणून टाकी कुठे ठेवायची, तर जाड भिंतीला लागून, कोपऱ्यात, शक्यतो खाली जमिनीवर. वरच ठेवायची असेल तर चपट्या आयताकृती लॉफ्ट टाक्या मिळतात. त्यांचा तळ पसरट असतो आणि वजन विभागलं जातं. तिच्याखाली लोखंडी अँगल घालून त्याची दोन्ही टोकं भिंतींवर टेकवली, तर भार माळ्याच्या फळ्यांवर येतच नाही. भिंत मात्र भार घेणारी हवी. खोलीच्या मध्ये घातलेल्या पार्टिशनवर टेकवलेला अँगल काही कामाचा नाही.

आणि टाकी गॅलरीत ठेवू नये. जागा वाचते हे खरं, म्हणूनच चाळीच्या मागच्या बाजूला गॅलऱ्यांमध्ये काळ्या-निळ्या टाक्यांची रांग दिसते. पण अनेक चाळींत गॅलरी भिंतीबाहेर टांगलेली असते. पाऊस सगळ्यात जास्त तिनेच खाल्लेला असतो. सगळ्यात कमकुवत जागी सगळ्यात जड वस्तू ठेवण्याचा हा प्रकार आहे.

बीडीडी चाळींची गोष्ट थोडी वेगळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून या २०७ इमारती, १९२० च्या दशकातल्या, सिमेंट काँक्रीटच्या. तिथे वासे नाहीत, पण काँक्रीटच्या आतली सळई गंजली की तीही फुगते आणि प्लास्टर सोडते. शंभर वर्षांच्या काँक्रीटवर टाकी ठेवतानाही कोपरा आणि भिंत बघावीच लागते.

मोरीखाली काय चाललंय?

नव्या लाइनीचं काम सुरू करण्याआधी एकदा खालच्या खोलीत जाऊन आपल्या मोरीच्या खालचं छत बघून यावं. चाळीत ही गोष्ट अवघड नाही, चहा पिता पिता होते. पिवळे-तपकिरी डाग, पोपडे, बुरशीचा वास यांवर नजर ठेवावी. लाकडी वासा दिसत असेल तर त्याच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावा. तो आत रुतला तर लाकूड कुजलंय. वासा मधे मोडत नाही, तो भिंतीत शिरतो तिथे कुजतो, कारण तिथे ओल आली की वाळत नाही.

असं काही दिसलं तर टाकी आणि पाइपाचं काम थांबवून आधी ते. उपकर भरणाऱ्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. १९६९ च्या कायद्यानंतर बेटावरच्या १९,६४२ जुन्या इमारती या योजनेत आल्या होत्या. पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या वजा जाता आता तेरा-चौदा हजार उरल्या आहेत. तुळई, जिना, भिंत अशी मुख्य दुरुस्ती हे मंडळ करतं. तुमच्या मोरीच्या लाद्या बदलून देणं त्यांचं काम नाही, पण मोरीखालची कुजलेली तुळई नक्कीच आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मोरी नव्याने करताना फक्त लादीवर लादी बसवणं ही नेहमीची चूक. त्याने उंची वाढते, वजन वाढतं आणि खालची गळती झाकली जाते. जुनी लादी काढून, वॉटरप्रूफिंग करून, ढाळ काढून, मगच नवी लादी. नहाणी ट्रॅपही बदलून घ्यावा. (देशभरातले प्लंबर त्या जाळीच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. दिल्लीच्या हार्डवेअरच्या दुकानातही हाच शब्द चालतो.) लादी बसवण्याआधी मोरीत चोवीस तास पाणी कोंडून ठेवायचं आणि खाली विचारायचं, काही टिपकतंय का? नंतरच्या भांडणांपेक्षा हे स्वस्त पडतं.

पाइप कुठला?

जुन्या चाळींत लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले पाइप असतात. प्लंबर त्यांना जीआय म्हणतात. जस्त उडालं की आतून गंज चढतो आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिलएवढीच वाट उरते. पहाटे पहिलं पाणी लालसर येतं ते यामुळे. जुनाट जीआयला मधेच नवा तुकडा जोडून फार काही मिळत नाही. आटे कापताना उरलेला पाइपच तुटतो.

खोलीतल्या कामाला आता बहुतेक प्लंबर सीपीव्हीसी वापरतात. फिकट पिवळसर रंगाचा हा पाइप गरम पाणीही सोसतो. साधा पांढरा यूपीव्हीसी स्वस्त असतो, थंड पाण्याला चालतो, पण गिझरच्या लाइनला लावला तर मऊ पडतो. पाइपावर मानकाचा क्रमांक छापलेला असतो. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ आणि टाकीवर आयएस १२७०१ बघून घ्यावा. नागदेवी स्ट्रीटला सगळ्या दर्जाचा माल मिळतो, म्हणजे हलकाही मिळतो.

सीपीव्हीसीचे जोड चिकटवायचे असतात. पाइप सरळ कापायचा, कडेचा भुसा काढायचा, दोन्हीकडे सोल्युशन लावून पाव फेरा देत आत दाबायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. घाईचा प्लंबर इथेच घोळ करतो. जोड वाळायच्या आत पाणी सोडतो किंवा सोल्युशन इतकं ओततो की ते आत जमून अर्धा पाइप बुजतो. लाइन भिंतीत गाडायच्या आधी सगळे नळ बंद करून ती रात्रभर भरलेली ठेवावी आणि सकाळी प्रत्येक जोडावर हात फिरवावा. लाकडी इमारतीत तर पाइप भिंतीवरून उघडाच नेलेला बरा. दिसायला थोडा वाईट, पण गळला तर त्याच दिवशी कळतो. बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाला रंग द्यावा, कारण उन्हाने तो ठिसूळ होतो.

जोडणी करतानाच एक छोटी सोय करून घेता येते. ओट्यावर दोन नळ : एक थेट पालिकेच्या लाइनचा, दुसरा टाकीचा. पाणी चालू असताना पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी पहिल्या नळावर भरायचं. त्यात क्लोरीन ताजं असतं. दुसरा नळ धुण्या-भांड्यांना. दोन्ही लाइनी एकमेकींना कुठेही जोडायच्या नाहीत. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत घेत असाल तर ही गोष्ट फारच महत्त्वाची.

टाकीतला बॉल कॉक चांगला घ्यावा. पाणी पहाटे येतं आणि तेव्हा घर झोपलेलं असतं. बॉल अडकला तर टाकी ओसंडते, पाणी माळ्यावरून भिंतीत जातं आणि दोन तासांनी खालच्या मजल्याची बेल वाजते. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा जाड हवा आणि तो मोरीत दिसेल असा सोडावा. टाकीच्या तळाला गाळ काढायचा एक कॉकही हवा. नंतर भोक पाडण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

शॉवरला पाणी का येत नाही?

माळ्यावर टाकी बसवली, शॉवर लावला, पण पाणी थेंब-थेंब. कारण दाब उंचीने मिळतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. टाकीचा तळ सात फुटांवर आणि नळ तीन फुटांवर असेल तर फरक उरतो चार फुटांचा, म्हणजे दाब किलोच्या आठव्या भागाएवढा. बादली भरायला पुरतो, शॉवरला नाही. शॉवरचं तोंड तर टाकीच्या तळाच्या जवळपास त्याच उंचीवर असतं. बऱ्याच गॅस गिझरना सुरू व्हायलाही यापेक्षा जास्त दाब लागतो. अर्ध्याऐवजी पाऊण इंची पाइप आणि कमीत कमी एल्बो ठेवले तर धार सुधारते, पण चमत्कार होत नाही.

इथे एक लांबचं उदाहरण उपयोगी पडतं. परदेशात गाडीला जोडून नेतात ती कॅम्पिंगची ट्रेलर-घरं. आपल्याकडेही महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा शब्द आता नवा नाही. त्या घराचा आकार चाळीतल्या खोलीएवढा किंवा त्याहून लहान. पाणी सतत येत नाही, आलं की भरून घ्यायचं. प्रत्येक लिटरचं वजन गाडीला ओढावं लागतं. तिथे टाकी छतावर ठेवत नाहीत. ती खाली, चाकांच्या जवळ असते, आणि १२ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप नळापर्यंत पाणी नेतो. नळ उघडला की दाब कमी होऊन पंप आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो.

चाळीच्या खोलीला हीच रचना बसते. शेतकऱ्यांच्या पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात याच जातीचा पंप असतो, त्यामुळे तो मिळायला अडचण नाही. टाकी मोरीच्या कोपऱ्यात जमिनीवर, शेजारी हा पंप, आणि माळा मोकळा. १२ व्होल्टचा असल्याने ओल्या जागेत धोका कमी. बॅटरी जोडली तर वीज गेली तरी पाणी चालू. मिनिटाला काही लिटरच पाणी देतो, पण एका वेळी एक नळ वापरणाऱ्या घराला तेवढं चालतं. पंपाआधी जाळीचा फिल्टर मात्र हवाच, नाहीतर पहिल्याच गाळाने तो बसतो. त्याची घरघर लाकडी जमिनीतून खाली जाते, म्हणून खाली रबराचा तुकडा घालावा.

घरगुती २३० व्होल्टचा बूस्टर पंप घ्यायचा असेल तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय तो मोरीजवळ लावू नये. आणि बंद मोरीत गॅस गिझर लावू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडल्यावरच घरच्यांना कळतं. गिझर मोरीबाहेर, खिडकीजवळ.

मालकाची परवानगी लागते का?

बहुतेक चाळी पागडीच्या. पाण्याचं मूळ कनेक्शन इमारतीच्या किंवा मालकाच्या नावावर असतं. पालिकेच्या जोडणीत बदल करायचा तर पालिकेचा परवाना असलेला प्लंबरच लागतो आणि अर्ज वॉर्ड ऑफिसात जातो : लालबाग-परळला एफ दक्षिण, दादरला जी उत्तर, गिरगावला सी किंवा डी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ भाडेकरूच्या बाजूने आहे. मालक रास्त कारणाशिवाय पाणी, वीज अशी अत्यावश्यक सेवा तोडू शकत नाही. तोडली तर भाडेकरू न्यायालयात जाऊ शकतो. पण त्याच कायद्याचं कलम १६ दुसरी बाजू दाखवतं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर तो खोली रिकामी करून मागू शकतो. काय कायमचं नाही, तेही तिथे लिहिलंय. लाकडी पार्टिशन, उभं राहून स्वयंपाक करायचा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी अशी ती यादी आहे. ओटा त्यात आहे. मोरी वाढवणं, टाकीसाठी भिंत बांधणं यांचा उल्लेख नाही. म्हणून तोडफोडीचं काम असेल तर मालकाची चिठ्ठी आधी घ्यावी आणि जपून ठेवावी. पुनर्विकासाच्या वेळी अशा कागदांची अचानक आठवण निघते.

साठवलेलं पाणी आणि डास

१९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अभ्यास करून विहिरींकडे बोट दाखवलं आणि शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. विहिरी गेल्या, पण तोच ॲनोफिलिस स्टेफेन्सी डास आता टाक्यांत अंडी घालतो. डेंग्यूचा एडिस पिंपात. त्यामुळे टाकीचं झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी, आणि पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही, एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात.

पिंप घेताना ते आधी कशाचं होतं हे विचारावं. जुन्या बाजारात मिळणारी निळी पिंपं बरेचदा केमिकलची असतात. कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला ती नकोत. पारदर्शक टाकीही नको, उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

टाकी वर्षातून दोनदा, त्यातली एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, अशी धुवावी. गाळ काढून, घासून, पाणी भरायचं आणि २०० लिटरला साधारण ४० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकायची. पावडर आधी बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणीच टाकीत ओतायचं. नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत ते पाइपात खेळवायचं आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. मग सगळं सोडून द्यायचं, एकदा खळबळून पुन्हा भरायचं. त्या दिवसापुरते हंडे-कळश्या लागतातच, ते भंगारात काढू नयेत. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीच करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

आणि टॉवरमध्ये गेल्यावर?

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. असे पुनर्विकास परळ-लालबागलाही सुरू आहेत.

तिथे पाण्याची रचना मुळातूनच वेगळी असते. पालिकेचं पाणी तळाच्या मोठ्या टाकीत उतरतं, पंपाने गच्चीवर जातं आणि तिथून खाली येतं. प्रश्नही उलटा होतो. चाळीत दाब कमी पडायचा, टॉवरच्या खालच्या मजल्यांवर तो इतका असतो की मधे दाब कमी करणारे वॉल्व्ह लावावे लागतात. ते बिघडले तर नळाचे वॉशर आणि गिझरच्या नळ्या फुटतात. पंपाची वीज, टाक्यांची सफाई आणि वॉल्व्हची देखभाल महिन्याच्या मेंटेनन्समधून होते. नव्या मोठ्या इमारतींत फ्लशला प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी लाइन असू शकते. बाथरूममध्ये नवा नळ काढून घेताना प्लंबर कुठल्या पाइपाला जोडतोय, हे उभं राहून बघावं. दोन्ही पाइप भिंतीत शेजारी-शेजारी असतात आणि प्लास्टरखाली सारखेच दिसतात. ताबा घेतानाच सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून लाइनींचा नकाशा मागून घ्यावा, आणि भिंतीत खिळा मारण्याआधीही तो एकदा उघडावा.